न ऐकलेलं पान

पडताळणी शुक्रवारी होती आणि आठवडा उजाडल्यापासून कोहळपाड्याच्या शाळेत कुणाला चैन नव्हती. मुख्याध्यापक विनोद सरांनी भिंतीची जळमटं काढून घेतली, नळाला नवी तोटी बसवली आणि फाटकाजवळच्या खांबावर एक चौकोन पुसून चकचकीत करून ठेवला. ‘निपुण शाळा’ असा बोर्ड तिथं लागायचा होता. बोर्ड मिळालेला नव्हता, पण खिळे ठोकून झाले होते.

“सर, खिळे आधीच?” चंद्रिकाबाईंनी विचारलं.

“बाशिंग तयार ठेवलेलं बरं, बाई. नवरी काय, येईलच.”

बाई हसल्या, पण वर्गात जाताना वळून पुन्हा एकदा त्या खिळ्यांकडे बघून गेल्या.

चंद्रिकाबाई नरपडच्या, कोळीवाड्यातल्या. सकाळी नरपडहून डहाणू, तिथून तलासरीच्या रस्त्याला शेअरची इको गाडी, मग फाट्यावर उतरून टेकाडाचा कच्चा रस्ता, पायी. पहिली ते तिसरीची पोरं त्यांची, चौथी-पाचवी विनोद सरांची. शाळा एवढीच. तिसरी संपून पोर सरांच्या खोलीत गेलं की बाईंना दर वर्षी लेक सासरी गेल्यासारखं वाटायचं. ते अमकं शब्द अजून तोडून वाचतं, तमक्याला जोडाक्षर अडतं, हे आता कोण बघणार, असं मनात घोळत राहायचं.

सरकारनं या वर्षी ठरवलं होतं की तिसरीतल्या पोराला उतारा समजून आणि न अडखळता वाचता आलाच पाहिजे. दुसऱ्या केंद्राचे केंद्रप्रमुख येणार, एकेका पोराला पुढ्यात बसवणार, मोबाइलवर घड्याळ लावणार. वाचलं तर नावापुढं बरोबरची खूण. ठरल्याइतक्या खुणा झाल्या की शाळा निपुण. बरेच शिक्षक या प्रकाराला वैतागले होते. चंद्रिकाबाई मात्र मनातून खूश होत्या. इतकी वर्षं वरून पट मागितला जायचा, तांदळाचा हिशोब मागितला जायचा, झाडं किती जगली तेही विचारलं जायचं. पोराला वाचता येतं का, हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

आणि त्यांची पोरं वाचत होती. तिसरीत तशी मूठभरच पोरं. सुदाम अडखळायचा आणि एकाला डोळ्याचा त्रास होता. बाकीच्यांचं जमत होतं. विनोद सरांनी बोटांवर मोजून पाहिलं होतं: “काठावर बसतोय आपण. पण रविना आहे ना! रविना म्हणजे आपला हुकमाचा एक्का. तिला पहिली बसवू. पहिलंच पोर खणखणीत वाचलं की मॅडमचं मत तिथंच तयार होतं.”

रविना वरठा. डोक्याला तेल चोपडलेली, पायात आजीच्या चपला घालून येणारी, आणि आवाज असा की ती वाचायला लागली की स्वयंपाकघरातली बारकी हातातली पळी तशीच धरून दारात येऊन उभी राहायची. बारकी शाळेचा भात शिजवायची, पाड्यावरच्या सगळ्या बायकांसारखी ‘मी येतो, मी जातो’ असं बोलायची आणि पोरांना ‘मेल्या’शिवाय हाक मारायची नाही, पण रविनाचं वाचन चाललं की तीही गप्प.

बुधवारी सकाळी सराव चालला होता. केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर सरावाचे काही उतारे फिरत होते. ‘पेपर यातूनच येतो बरं का,’ असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. बाईंची पद्धत जुनी होती. नवा उतारा आला की आधी त्या स्वतः वाचून दाखवायच्या, हातवारे करून, आवाज बदलून. मग पोरं.

रविना उभी राहिली. कागद छातीशी धरून तिनं सुरुवात केली.

“आमच्या गावात जत्रा भरली. मी आईबरोबर जत्रेला गेलो. तिथे एक उंच पाळणा होता. पाळण्यात बसायला...”

तेवढ्यात बारकीचा कोंबडा वर्गात शिरला. मागून बारकी. “थांब मेल्या, आज तुलाच शिजवतो!” पोरं बाकांवर चढली. कोंबडा तक्त्यावर, तक्त्यावरून खिडकीत, खिडकीतून बाहेर. सगळं निवलं तेव्हा बाई हसत म्हणाल्या, “हं, रविना. पाळण्यात बसायला... पुढं?”

रविना म्हणाली, “आमच्या गावात जत्रा भरली. मी आईबरोबर...”

“ते झालं गं. पुढचं वाच.”

रविनानं त्यांच्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि पुन्हा, “आमच्या गावात जत्रा भरली.”

बाईंचं हसू ओसरलं. त्या तिच्याजवळ गेल्या, कागद बाकावर ठेवला आणि मधल्या ओळीवर बोट टेकवलं. “इथून वाच, बाळा.”

रविना त्या बोटाकडे बघत राहिली. तिचे ओठ हलायला लागले, आवाज न करता, भराभर. जत्रा, आई, पाळणा, सगळं ओठातल्या ओठात पळत गेलं आणि त्या ओळीपाशी पोचल्यावरच आवाज फुटला, “मी आईकडे हट्ट धरला.” अगदी बरोबर.

बाईंनी दप्तरातून जुनं गोष्टीचं पुस्तक काढलं. वर्गात कधीच न वाचलेलं. सोपं होतं, मोठ्या अक्षरांचं, पहिलीच्या पोरानंही वाचावं असं. “हे?”

रविनानं पान निरखून पाहिलं. चित्रातल्या बकरीवरून हात फिरवला. मग निरागसपणे म्हणाली, “बाई, हे अजून ऐकलं नाय.”

*

मधल्या सुट्टीत बाईंना भात गेला नाही. ओट्यावरून वर्गात, वर्गातून ओट्यावर अशा त्या फेऱ्या मारत होत्या. अडीच वर्षं! अडीच वर्षं ही पोर समोर उभी राहून वाचतेय आणि मी टाळ्या वाजवतेय. मी वाचून दाखवायचं आणि तिनं उचलायचं. आवाज इतका गोड की डोळे कुठं फिरताहेत ते बघायचं सुचलंच नाही.

विनोद सर झाडाखाली खुर्ची टाकून पडताळणीला कोण कधी बसणार ते ठरवत होते. बाईंनी सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण उतारा म्हणते ना ती पूर्ण?”

“म्हणते. वाचत नाही.”

“ऐकणाऱ्याला काय कळतं, बाई?”

“सर!”

“नाही, तुम्ही माझं ऐका.” सर खुर्चीतून उठले. ते याच भागातले, पलीकडच्या पाड्यावरचे. त्यांच्या घरात पुस्तक पहिल्यांदा आलं ते त्यांच्याच हातातून. “ती पिवळी गाडी रोज फाट्यावर येते, इंग्लिश मीडियमची. गेल्या वर्षी देवजीची दोन पोरं तिच्यात बसली. आता लडक्या म्हणतोय, माझ्या नातवाला पण टाकतो. का? त्यांना वाटतं, आपल्या शाळेत काय शिकवत नाहीत. तो बोर्ड मला माझ्यासाठी लावायचा नाही. लोकांना दिसायला पाहिजे. रविना धरून आपण बसतो, रविना सोडून एकानं हुकतो. एका पोरासाठी सगळ्या शाळेची...”

“एका पोरासाठीच तर बोलतेय मी.”

“पुढच्या वर्षी माझ्याकडेच येणार ना ती? मी घेईन करून.”

“पुढच्या वर्षी तिच्या नावापुढं खूण असेल. तुमच्याकडे दोन वर्ग, वरून निवडणुकीची कामं. ज्याला येत नाही त्यालाच तुम्ही जवळ घेऊन बसणार; ते बरोबरच आहे. खूण असलेल्या पोराकडे कोण बघतं, सर? आणि पाठांतर किती दिवस पुरेल? पाचवीचं इतिहासाचं पुस्तक कोण वाचून दाखवणार तिला?”

सरांनी खिळ्यांकडे पाहिलं. मग हात जोडल्यासारखं केलं. “बाई, शुक्रवारी तुम्ही फक्त काही बोलू नका. एवढंच.”

बाई वर्गाकडे वळल्या. घंटा झाली.

*

शाळा सुटल्यावर त्या फाट्याकडे न जाता रविनाच्या मागून तिच्या घराकडे निघाल्या. शेवटची इको चुकेल, हे डोक्यात होतंच. तरी पाय तिकडेच वळले.

रविनाची आजी गंगी म्हणजे धवलेरी. वारल्यांचं लग्न धवलेरीनं गाणी म्हणून लावायचं. ती नसली तर भिंतीवर लग्नाचा चौक काढून तयार, मांडव तयार, नवरा-नवरी हळद लावून बसलेली, आणि लग्न मात्र अडलेलं. भात झोडून झालं की गंगीला उसंत नसायची. आजही ती ओटीवर पाय पसरून पुढच्या लग्नासाठी तांदूळ निवडत बसली होती. गंगी सगळ्यांनाच ‘तू’ म्हणायची. कलेक्टर आला असता तर त्यालाही म्हणाली असती.

“ये बाई, बस. पोरीनं काय वांडपणा केला?”

“नाही गं गंगीबाय, वांडपणा कसला. तिचा गळा तुझाच आहे, हे सांगायला आले.”

गंगी खुलली. “माझ्या मागं तीच. मी नेतो ना तिला लग्नात. तिची आई, सून माझी, तिला दोन ओळी लक्षात राहत नाय. ही एकदा ऐकते, की झालं.”

“कशी शिकवतेस तिला?”

“शिकवायचं काय त्यात? मी गातो, ती मागून गाते. तुटलं की पयल्यापासून.”

“मधूनच नाही उचलत?”

गंगीचे तांदळातले हात थांबले. “मधून? नाय बाई. गाणं मधून उचलत नाय. देवीला बोलवायचं, वाटेत सोडायचं, परत मधूनच हाक मारायची? रागावेल ना ती. तुटलं की पयल्यापासून. मी लहान होतो तवा माझ्या आजीनं मारून शिकवलं मला. हिला मारायला नाय लागलं.”

दाराआड उभ्या असलेल्या रविनानं मान डोलावली.

बाईंना सगळा उलगडा झाला, पण त्यानं बरं वाटायच्या ऐवजी जीव आणखीच टांगणीला लागला. पोरीचा काही दोष नव्हता. तिला घरात जे शिकवलं होतं, ते तिनं शाळेत इमानानं पाळलं होतं. आता हे कसं सांगायचं? गंगीची पद्धत चुकीची, असं तर नव्हतंच.

“गंगीबाय, ती पुस्तकंही तशीच म्हणते.”

“मग! मला म्हणून दाखवते ना. ती जत्रेची, ती मांजराची.”

“म्हणते, पण वाचत नाही. जे मी आधी म्हणून दाखवलं नाही ते तिला येत नाही.”

“जे कुणी म्हटलंच नाय ते कसं येणार?” गंगी मनापासून हसली. “तू पण कायपण बोलते, बाई.”

बाईही हसल्या, दुसरं काय करणार. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “आता लग्न कुठं आहे?”

“झाईला.” आणि हा शब्द काढल्याबरोबर दारामागून रविना फिस्सकन हसली. गंगीनं सूप तिच्या दिशेनं उगारलं. “हसते बघ! सांग, सांग तुझ्या बाईला, आजीचा तमाशा.”

“आजी झाईला निघाली आणि वरोरला पोचली!”

“अशी गंमत झाली,” गंगी म्हणाली. “मागल्या साली. मुलगा बोलला, डहाणूला स्टँडवर उतर, झाईची गाडी पकड. तिथं दोन गाड्या उभ्या. माणसं सगळी घाईत. एकीत बसलो. गाडी चालली, चालली. मी म्हणतो, दर्या उजवीकडं कसा आला? उतरलो तर वरोर, पार उलट्या अंगाला. तिकडं झाईला मांडवात नवरा-नवरी उपाशी बसून, हळद सुकून गेली, त्यांचा मामा दारू पिऊन झोपला. रात झाली मला पोचायला. सगळं गाव मलाच हसतं.”

“पाटी असते की गाडीवर.”

“असते.” गंगी तांदूळ निवडायला लागली. सुपाकडेच बघत म्हणाली, “पाटी कोण गाऊन दाखवतं, बाई?”

कोपऱ्यात कोंबड्या कुरकुरत होत्या. बाई घाई न करता बसून राहिल्या. इतक्या वर्षांत त्या एवढं शिकल्या होत्या की पोराचं उत्तर ओठावर आलं की आपण बोलायचं नसतं.

गंगीनं सूप खाली ठेवलं. “रविना, इकडं ये.”

रविना आली.

“गाणं पयल्यापासून. पण बुक म्हणजे गाणं नाय. बुक कुठूनपण उचल. मधून उचल, शेवटातून उचल. कोण रागवत नाय. कळलं?”

“तुटलं तरी?”

“तुटलं तरी.” मग बाईंकडे वळून, “जा आता. शेवटची गाडी गेली तर इथं भाकर खाऊन झोपायला लागेल, आणि माझी सून तुझं डोकं खाईल.”

*

गुरुवारी बाईंनी बाकीच्या पोरांना गोष्टींची पुस्तकं दिली आणि रविनाला घेऊन ओट्यावर बसल्या. विनोद सर दोनदा येऊन बघून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

बाईंनी कागदाच्या पट्टीवर लिहिलं: आजी झाईला निघाली. आजी वरोरला पोचली. रविनाला एकदा म्हणून दाखवलं. तिनं लगेच म्हटलं, हसत हसत. मग बाईंनी कात्री काढली.

“बाई, तोडू नका!”

“आजीनं काय सांगितलं?”

रविनानं ओठ दाबले. कात्री चालली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. शब्दांचे तुकडे ओट्यावर पसरले, आणि बाईंनी ते असे फिरवले की कुठला आधी, कुठला नंतर, काही राहिलं नाही. पाठ असलेलं आता कामाचं नव्हतं.

“यात आजी कुठं आहे?”

रविना शोधायला लागली. पुन्हा ओठ हलायला लागले. पण आता क, ख, ग, घ. मुळाक्षरंही ती पहिल्यापासूनच म्हणत होती. ज पर्यंत पोचायची, तुकड्याकडे बघायची, विसरायची, परत क. एकदा ‘पोचली’ उचललं. एकदा ‘निघाली’. रडकुंडीला आली. बाईंनाही आतून तिचा हात धरून योग्य तुकड्यावर ठेवावासा वाटत होता. तो मोह आवरायला त्यांनी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं, तेव्हा कुठं तिनं एक तुकडा उचलला. “आ. जी.” आणि मान वर केली. “ही आजी.”

“हो.”

“आणि ही पण आजी!” दुसरा तुकडा. “दोन आजी!”

त्यानंतर झाई सापडली, ‘झ’ बाकी कुठंच नव्हता म्हणून. मग वरोर. भात झाला, बारकी हाका मारून थकली, “मेल्यांनो, गार होतंय!” रविना उठली नाही. दुपारी कधीतरी बाईंनी तिला पाठमोरं बसवलं, तुकडे नव्यानं जुळवले आणि म्हणाल्या, “आता वळ. हे मी म्हणून दाखवणार नाही.”

रविनानं पहिल्या तुकड्यावर बोट ठेवलं.

“आ... जी. आजी.” पुढचा. “झा... ई... ला.” पुढच्यापाशी खूप वेळ गेला. “पो. च. ली. पोच... ली.” ती थांबली. तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं परत तिन्ही तुकड्यांवरून नजर फिरवली आणि एकदम उसळून म्हणाली, “नाय पोचली! खोटं लिवलंय बाई तुम्ही! आजी झाईला नाय पोचली, वरोरला पोचली!”

चंद्रिकाबाईंना वाटलं, उठावं आणि अंगणात नाचावं. त्यांनी फक्त म्हटलं, “चुकलंच माझं. मग तू नीट लाव.”

संध्याकाळी इकोत बसल्यावर मात्र तो आनंद टिकला नाही. कागदावरच्या शब्दाशी पोर भांडली, म्हणजे वाट सापडली. पण वाटेवर अजून चार पावलंच तर झाली होती. उद्या पुढ्यात जत्रेचा उतारा आला, की ती चार पावलं कोण बघणार? ती गाईल. आणि खूण मिळेल. नरपडला पोचेपर्यंत त्या खिडकीची काच उघडत आणि लावत राहिल्या. शेजारी बसलेला गुजराती माणूस शेवटी म्हणाला, “बेन, एकतर उघडी ठेवा नाहीतर बंद.”

*

केंद्रप्रमुख निलम मॅडम शुक्रवारी वेळेवर आल्या. स्वभावानं बऱ्या वाटल्या, पण घाईत होत्या. त्यांना दुपारी आणखी एक शाळा करायची होती. बाहेर गाडी, ड्रायव्हर गाडीतच. विनोद सरांनी नारळपाणी दिलं. चौथीच्या खोलीत टेबल मांडलं होतं. शिक्षकांनी दाराबाहेर थांबायचं, असा नियम.

रविना पहिली. आज आजीच्या नाही, स्वतःच्या मापाच्या चपला. मॅडमनी पिशवीतून छापील कागद काढला, आणि खिडकीतूनही बाईंना वरचं चित्र ओळखता आलं. उंच पाळणा.

विनोद सरांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले असावेत. बाई खिडकीपासून दाराकडे सरकल्या.

“आमच्या गावात जत्रा भरली,” रविना म्हणाली, आणि तो आवाज भिंतींना लागून असा फिरला की मॅडमनी घड्याळावरची नजर काढून पोरीकडे पाहिलं. जत्रा, पाळणा, हट्ट, आईनं घेतलेली पिपाणी, सगळं झरझर, न अडखळता. घड्याळ संपायच्या कितीतरी आधी उतारा संपला. “वा!” मॅडम म्हणाल्या. त्यांचं बोट मोबाइलवर खुणेपाशी गेलं.

“आत जाऊ नका,” सर पुटपुटले. “बाई. मी हात जोडतो.”

बाई आत गेल्या.

“मॅडम, माफ करा. तिला दुसरा उतारा द्या. तिनं न ऐकलेला.”

“का? छान वाचलं की.”

“तिचं ते पाठ आहे. वाचलेलं नाही.”

निलम मॅडमनी आधी त्यांच्याकडे, मग दारातल्या सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे बघत होते. “बाई, मी इतक्या शाळा केल्या, पण खूण नको म्हणून आत आलेले शिक्षक पाहिले नाहीत. तुमच्या शाळेचं नुकसान होईल, कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग का?”

“तुमची खूण म्हणजे हिला आता शिकवायची गरज नाही, असंच ना? मला अजून शिकवायचंय.”

मॅडमनी सुस्कारा टाकला, पिशवीत तळापर्यंत हात घातला आणि एक चुरगळलेला कागद काढला, कुठल्यातरी जुन्या प्रशिक्षणातला. हातानं सरळ करून टेबलावर ठेवला. “हा कुणीच ऐकलेला नसेल. वाच, बेटा.” घड्याळ सुरू झालं.

रविनानं कागद पाहिला. मग बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली नाही की डोळे मिचकावले नाहीत. हात पदरात घट्ट गुंडाळून उभ्या राहिल्या.

पोरीनं बोट ठेवलं. ओठ हलले. क, ख, ग... थांबले.

“का. स. व. कास... कासव.” श्वास. “वि. ही... हि. विहि... री... त. विहिरीत.” बोट पुढं सरकलं. “प. ड. ले.”

मघाच्या सुरेल गळ्याचा मागमूस नव्हता. घोगरा, तुटक आवाज. उन्हाळ्यातल्या बोअरिंगच्या पंपासारखा, खूप दांडा मारावा आणि ओंजळभर यावं. विनोद सर दाराची चौकट धरून उभे होते. बारकी पळी घेऊन आली, ऐकलं आणि चरकली. “काय झालं गं पोरीला? आजारी आहे का?”

“चूप,” सर म्हणाले.

“कासव वर ब... बघ... त. बघत. रा... हि... ले. राहिले. वरून एक दो... र...”

घड्याळ वाजलं. टिर्रर्र, टिर्रर्र, साऱ्या खोलीत. मॅडमनी ते बंद केलं. “बस, बेटा. वेळ संपली.” आणि मोबाइलवर बोट टेकवलं. बाईंना ते दिसलं. खूण नव्हती.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पोरं कुजबुजली. बाईंचं लक्ष यातल्या कशाकडेच नव्हतं. त्या फक्त रविनाच्या बोटाकडे बघत होत्या. मोडलं होतं. मध्येच तुटलं होतं. आता?

बोट होतं तिथंच होतं. वर, पहिल्या शब्दाकडे, गेलं नाही.

“खा. ली,” रविना म्हणाली. “खाली. आ... ला. दोर खाली आला.”

“झालं गं, पुढच्या मुलाला पाठव,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागदाचं टोक धरलं. रविनानं दुसरा तळहात कागदावर दाबला.

“थांब ना,” ती मॅडमना म्हणाली, थेट आजीसारखी. “कासव अजून आतच आहे.”

मॅडमनी कागद सोडला. बाई मागं दाराशी सरकल्या तेव्हा विनोद सर त्यांच्या अगदी जवळ येऊन, त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “ती पिवळी गाडी आता फाट्यावर थांबणार नाही, बाई. सरळ पाड्यात येईल.”

“येईल,” बाई म्हणाल्या. जे त्या करून बसल्या होत्या त्याचा भार पुढं कितीतरी दिवस उचलायचा होता, हे त्यांना ठाऊक होतं.

सर जायला वळले. दोन पावलं गेले आणि थांबले. टेबलाशी रविना ‘दोराला’पाशी अडली होती, सोडत होती, परत धरत होती. सुदाम आपली पाळी म्हणून येऊन तिच्या खांद्यावरून कागदात डोकावत होता. सर तसेच उभे राहिले, दाराकडे पाठ करून, पुढचा शब्द येईपर्यंत.